मुराईने न उचललेली गाणी

युदोचं पत्र आलं तेव्हा त्याच्या गावी, बातूमध्ये, सफरचंदांची तोडणी चालू होती. पाकिटाला तो वास होता, किंवा मला तसा वाटला. तोडणी संपली, बाजारात फळं आली, स्वस्त झाली, संपली, तरी मी उत्तर पाठवलेलं नव्हतं. पत्र दोनच पानांचं होतं, सोबत एक सीडी होती, आणि शेवटी एक प्रश्न होता ज्याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं.

युदो 'लाहार इरेंग'मध्ये बेस गिटार वाजवायचा. ज्वालामुखीवरून उतरणाऱ्या काळ्या चिखलाचं हे नाव त्या चौघांनी विशीत असताना घेतलं, आणि तेव्हा ते त्यांना शोभायचं. आमच्या मलांग शहराच्या जुन्या क्रीडागृहात ते वाजवू लागले की छताच्या पत्र्यातून गंज खाली पडायचा. मी नगर वाचनालयात ग्रंथपाल होतो. एका स्थानिक साप्ताहिकाला हेवी मेटलच्या कॅसेटींवर लिहिणारा कुणी हवा होता, आणि नाही म्हणायला मला जमलं नाही, म्हणून मी लिहू लागलो. मला संगीत कळतं असं मला कधीच वाटलं नाही. मी फक्त शेवटपर्यंत ऐकायचो. माझी परीक्षणं इतकी सौम्य असत की ब्लितारच्या एका बँडने, ज्यात मी त्यांना वाद्यं विकायचा सल्ला दिला होता ते परीक्षण, चौकट करून भिंतीवर लावलं होतं.

माझं नाव हर्तोयो, पण बँडवाले मला आदराने 'पाक हार' म्हणतात. युदोने लिहिलं होतं:

'पाक हार, आम्ही निवडक गाण्यांचा संग्रह काढतोय. माझा डावा कान गेला. उजव्याबद्दलही डॉक्टर फार चांगलं बोलत नाहीत. सोबतची सीडी लावली की मला भिंतीपलीकडे कुणी भांडी घासतंय एवढंच ऐकू येतं. बाकी तिघांनी होकार दिलाय, माझा राहिलाय. ते म्हणतात छान झालंय. पण माझ्या लग्नात मी पिवळा सूट घातला होता, तेव्हाही ते छानच म्हणाले होते. आमच्या जुन्या कॅसेटी आता कुठे मिळत नाहीत, म्हणजे आमच्यामागे हा एवढाच राहणार. हा संग्रह घेण्यासारखा आहे का? हो किंवा नाही लिहा. तुमच्या पद्धतीने दोन्ही बाजूंनी लिहू नका. फोन करू नका, कळत नाही.'

मी सीडी लावली. माझी बायको सुमार्नी आत सोयाबीनचे तेंपे तळत होती. तिसऱ्या गाण्याला ती कढईखालचा गॅस बारीक करून बाहेर आली.

"हे कोण?"

"लाहार इरेंग."

"ते ओरडणारे? दवाखान्यात लावतात तसलं वाटतंय."

"ही त्यांची हळुवार बाजू आहे."

"आणि दुसरी बाजू कुठंय?"

मी पुठ्ठ्यावरची नावं पाहिली. 'तुझी छत्री' होतं. 'बसथांब्यावरची संध्याकाळ' होतं. 'आई, मी परत येईन' दोनदा होतं, एकदा बासरीसह. 'राख खाणारे' नव्हतं. 'साहेबांची खुर्ची' नव्हतं. 'कवटीचा पेला' नव्हतं. म्हणजे ज्या गाण्यांसाठी लोक पत्र्याचा गंज डोक्यावर घेत उभे राहायचे त्यांतलं एकही नव्हतं.

उत्तर सोपं होतं. मी कागद घेतला आणि लिहिलं, 'हा संग्रह अजून उत्तम झालेला नाही.' आमच्याकडे 'नाही' म्हणायची ही रीत आहे. सत्तरीच्या अविवाहित माणसाला विचारलं लग्न झालं का, तरी तो 'अजून नाही' म्हणतो, आणि कुणी हसत नाही. पण युदोने तर हेच नको म्हणून लिहिलं होतं. मी कागद फाडला. मग वाटलं, माझंच चुकत असेल. वय झाल्यावर माणसाला हळुवार आवडतं, मलाच ते कळत नसेल. दुसरा कागद घेतला, तोही फाडला. सुमार्नीने त्या तुकड्यांत मिरच्या बांधल्या.

शेवटी वाटलं, तोंडी सांगावं. युदो दर शनिवारी गुनादीकडे येतो हे मला माहीत होतं. गुनादी त्यांचा गायक. आता तो गाण्याच्या स्पर्धेचे मुराई पक्षी पाळतो. त्याच्या ओसरीत पिंजरे टांगलेले असतात आणि खाली किड्यांचे डबे. मी गेलो तर चौघेही बसलेले होते. युदो खांबाला टेकून, उजवा कान लोकांकडे करून बसला होता. ड्रम वाजवणारा रोफिक हजला जाऊन आलाय, आता सगळे त्याला पाक हाजी म्हणतात. गिटारवाला विद्यो जिल्हा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे, तो गणवेशातच होता.

"या पाक हार, बसा. कॉफी आणतो," गुनादी म्हणाला. "सीडी ऐकलीत?"

"ऐकली. गाणी कशी निवडलीत, याची उत्सुकता होती."

"एकमताने," पाक हाजी म्हणाला. "मतदान केलं नाही. मतदानात कुणीतरी हरतं. एकालाही खटकेल ते गाणं बाजूला ठेवायचं, एवढा एकच नियम."

"माझी काहीच हरकत नव्हती कशाला," विद्यो म्हणाला. "फक्त 'साहेबांची खुर्ची' तेवढं. आमच्या साहेबांना वाटेल त्यांच्यावर आहे."

"ते लिहिलं तेव्हा तुमचे साहेब शाळेत असतील," मी म्हणालो.

"म्हणून तर. खुर्ची तीच आहे."

"आणि मी नरक, राख, कवट्या एवढंच काढायला सांगितलं," पाक हाजी म्हणाला. "मशिदीत मुलांना शिकवतो मी. उद्या एखादा विचारील, पाक हाजी, कवटीत प्यायचं कसं? काय सांगू?"

"गळतं म्हणून सांग," युदो म्हणाला. एवढं त्याने ऐकलं होतं.

सगळे हसले, पाक हाजीसुद्धा.

"आणि तुम्ही, मास गुनादी?" मी विचारलं. मास म्हणजे दादा; वयाने लहान असला तरी आमच्याकडे मान म्हणून म्हणतात.

गुनादीने एका पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. त्यात लांब शेपटीचा, तांबूस पोटाचा मुराई होता. "हा. याच्यासमोर जे वाजेल ते हा उचलतो. शेजारच्या कोंबडीचा आवाज उचलला की पक्षी स्पर्धेतून गेला. आता आपली सीडी आली म्हणजे घरी वाजणारच. माझं ओरडणं याने उचललं तर? म्हणून म्हटलं, ओरडण्याची गाणी तेवढी नकोत."

मी हिशेब करून पाहिला. नरकाची, साहेबाची आणि ओरडण्याची गाणी वजा केल्यावर लाहार इरेंगकडे छत्री आणि बसथांबा उरत होता. कुणाचाही काही दोष नव्हता. प्रत्येकाने फक्त थोडंसंच मागितलं होतं.

"आणि बेस?" मी विचारलं. "बेस थोडा मागे वाटला."

"तो नव्या पोराने मिसळला, सुराबायाच्या," विद्यो म्हणाला. "म्हणाला, बेसने गाडीतल्या काचा थरथरतात, गिऱ्हाईक तक्रार करतं. युदोला विचारलं होतं आम्ही. काय युदो?"

"काय?" युदो म्हणाला.

"बघा. त्याची हरकत नव्हती."

युदो माझ्याकडे बघत होता. ओठांकडे. "मग, पाक हार?" त्याने विचारलं.

 मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो. रस्त्यात ते दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. गुनादी माझ्यासाठी कॉफीचा पेला घेऊन उभा होता, आणि ज्याच्या हातची कॉफी घ्यायची त्याच्या गाण्याला त्याच्याच ओसरीत नाही म्हणायचं, हे मला झेपलं नाही.

"आवाज अगदी स्वच्छ आहे," मी म्हणालो.

"ऐकलंत?" पाक हाजी म्हणाला. "पाक हार म्हणतात स्वच्छ आहे."

 युदोने माझ्या ओठांवरून नजर काढली आणि किड्यांच्या डब्यांकडे पाहत बसला.

नंतर आमंत्रण आलं. सीडी छापायला सुराबायाला सोमवारी जाणार होती, आणि काम निर्विघ्न व्हावं म्हणून गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गुनादीकडे जेवण होतं. आमच्याकडे घराचा पाया घालायचा असो की गाडी घ्यायची असो, शेजाऱ्यांना बोलावून पिवळ्या भाताचा शंकू मांडल्याशिवाय काही सुरू होत नाही. हेवी मेटललाही ते चुकलेलं नाही.

"काय द्यायचं?" सुमार्नीने विचारलं.

"केळी देऊ."

"केळी मी देते. उत्तर कधी देताय?"

"बघतो. अजून..."

"अहो, तुम्ही पावसाबद्दल सांगतानाही दोन बाजू सांगता. मी छत्री घेऊ की नको ते मला शेजारणीला विचारावं लागतं."

गुनादीच्या अंगणात चटया पसरल्या होत्या. वीसेक माणसं असतील. सीडीचं नमुना वेष्टन भातापुढे ठेवलं होतं. वर चौघांचा फोटो, स्वच्छ सदऱ्यांत, मागे फुलझाडं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: 'समीक्षक श्री. हर्तोयो यांच्या संमतीने.'

मी चष्मा काढून पुसला, परत वाचलं. अक्षरं तीच होती.

"हे कुणी..." मी विद्योला विचारलं.

"तुमची काही हरकत आली नाही ना पाक. पत्राला उत्तर नाही म्हणजे हरकत नाही. मी कचेरीतही तसंच धरतो. मुदतीत हरकत आली नाही की मंजूर."

हे बरोबरच होतं. माझ्याही वाचनालयात तसंच चालायचं.

पाक हाजीने प्रार्थना म्हटली. मग सुरी घेऊन भाताच्या शंकूचं टोक कापलं, केळीच्या पानावर ठेवलं, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. टोक वडीलधाऱ्याला देतात. ते ज्याने घेऊन खाल्लं त्याचा आशीर्वाद मिळाला असं धरतात. वीस माणसं बघत होती. मी दोन्ही हातांनी घेतलं. दुसरं काय करणार होतो, मला माहीत नाही.

"आता मास युदोचा होकार," पाक हाजी मोठ्याने, युदोच्या उजव्या कानाशी म्हणाला. "म्हणजे झालं."

"अजून नाही," युदो म्हणाला. "पाक हारचं उत्तर यायचंय."

"आलं की. भात घेतला त्यांनी. बघ."

युदोने माझ्या हातातलं पान पाहिलं. "खाल्ला?"

"गरम आहे," मी म्हणालो.

विद्योने सीडी लावली. स्पीकर मोठे होते, भाड्याने आणलेले, माणसाच्या कमरेएवढे. युदो उठला आणि त्यांतल्या एकाजवळ जाऊन बसला. त्याने तळवा लाकडी खोक्यावर टेकवला. जुन्या काळी लोक त्याच्याच गाण्यांना तसं करायचे, पुढे बसलेली पोरं खोक्याला पाठ लावायची. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. लोक टोफू खात होते, एकजण सफरचंदाच्या कलमांबद्दल सांगत होता. मी जाऊन युदोजवळ बसलो, कारण दुसरीकडे सगळे वेष्टनाबद्दल माझं अभिनंदन करत होते.

युदो हात बदलून बघत होता. आधी उजवा, मग डावा. मग गालही टेकवून पाहिला.

"लावायची केव्हा?" त्याने मला विचारलं.

"काय?"

"सीडी."

"चालू आहे, मास. चौथं गाणं चालू आहे."

 मग त्याने हात काढून मांडीवर ठेवला. "मला वाटलं अजून लावलीच नाही," तो म्हणाला. "माझा हातही गेला वाटतं."

 मी हातातलं पान मांडीवर ठेवलं.

गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायच्या आत, त्या थोड्याशा शांततेत, ओसरीतून एक आवाज आला. आधी खोल गुरगुर, मग ती चढत चढत गेली, फाटली, लांबत राहिली, आणि शेवटी एक कोरडा खोकला.

अंगणात कुणी हललं नाही.

तो 'राख खाणारे'चा आरंभ होता. मूळ ध्वनिमुद्रणात गुनादीला ओरडल्यावर खोकला आला होता, आणि पुन्हा करायला स्टुडिओचा वेळ उरला नव्हता म्हणून तो तसाच राहिला. नंतर पोरं मैफलीत तो खोकलाही एकसाथ काढायची, हजारभर पोरं एकदम खोकायची. पण त्यानंतर गुनादीने ते गाणं म्हणताना कधी खोकला काढला नव्हता. तो फक्त कॅसेटवर होता. म्हणजे मुराईने तो कॅसेटवरूनच घेतला होता, आणि एकदा ऐकून मुराई काही उचलत नाही. महिनोन् महिने ऐकावं लागतं.

पक्ष्याने पुन्हा केलं. गुरगुर, चढ, फाट, खोकला. साठीच्या तीन माणसांनी मिळून जे काढून टाकलं होतं, ते मूठभर पक्ष्याने अंगणभर पसरवलं.

"भात गार होतोय," पाक हाजी म्हणाला. पण त्याच्या उजव्या पायाचा अंगठा चटईवर हलत होता, जलद, जोडीजोडीने, जुन्या दुहेरी ढोलासारखा. विद्यो फोनमध्ये काही शोधू लागला. शेजारी सगळे एकदम टोफूची स्तुती करू लागले. गुनादी उठला, ओसरीत गेला आणि पिंजऱ्यावर कापड टाकलं. मी त्याच्यामागे गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही, एरवी मी कुणाच्या मागे जात नाही.

"मास," मी म्हणालो.

"दुपारी बायको बाजारात गेली की लावतो," गुनादी खालच्या आवाजात म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "अगदी हळू लावतो. तरी ऐकलं त्याने."

"स्पर्धा?"

"मागच्या महिन्यात बाद केला. पंच म्हणाला, पक्ष्याला खोकला झालाय, औषध द्या."

"आणि नव्या सीडीतलं काही उचललं का त्याने? ती तर तुम्ही घरी लावत असाल."

गुनादीने कापडाची कड सारखी केली. "रोज लावतो. सगळ्यांसमोर." मग म्हणाला, "नाही. एकही नाही. ती लागली की तो झोपतो."

युदोने यातलं काहीच ऐकलं नव्हतं. मी परत आलो तेव्हा तो स्पीकरपासून दूर सरकून आपल्या तळव्याकडे बघत होता. मी पानाची घडी केली, ती जेवणाच्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवली आणि घरी निघालो. जेवण घरी न्यायची आमच्याकडे पद्धतच आहे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

सुमार्नीने डबा उघडला.

"टोक तुम्हाला दिलं?"

"हो."

"खाल्लंत का?"

"नाही."

"मग अजून तुम्ही मोकळे आहात," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या तिने ते टोक खाऊन टाकलं. "मीठ कमी आहे. लिहा आता. माझा आशीर्वाद गेला असेल तर जाऊ दे, मला कुणी विचारलेलं नाही."

मी शुक्रवारी सकाळी बसलो. पहिला शब्द लिहायला वेळ लागला. तो लिहिल्यावर बाकीचं आलं, मला वाटलं होतं त्याहून सरळ आलं.

'मास युदो,

नाही.

हा संग्रह घेण्यासारखा नाही. तुम्ही लिहिलं होतं की तुम्हाला भिंतीपलीकडे कुणी भांडी घासतंय असं ऐकू येतं. मलाही तसंच ऐकू येतं, आणि माझे कान अजून धड आहेत. त्यात तुमचा बेस नाहीच. कुणीतरी गाडीच्या काचांसाठी तो काढून टाकलाय. तुमचा हात गेलेला नाही. खोक्यात काही नव्हतं, म्हणून हाताला काही लागलं नाही.

गुरुवारी तुम्ही बसला होता तेव्हा गुनादीच्या मुराईने "राख खाणारे" म्हटलं. खोकल्यासकट, दोनदा. तुम्हाला ऐकू आलं नाही आणि आम्ही कुणी तुम्हाला सांगितलं नाही. नवी सीडी त्याच्यासमोर रोज वाजते, त्यातलं त्याने काही उचललेलं नाही. मला संगीतातलं कळत नाही हे मी तुम्हाला नेहमी सांगत आलोय, पण त्या पक्ष्याला स्पर्धेतून बाद होण्याइतकं कळतं. तुम्ही जी गाणी बाजूला ठेवली आहेत, तीच काढा. बेस पूर्ण ठेवा. काचा थरथरू देत. पाक हाजींच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत चला, तो अजून तयार आहे. विद्योंच्या साहेबांचं काय करायचं ते मला सुचत नाही.

वेष्टनावरचं माझं नाव काढा. नवा संग्रह आला आणि तो चांगला असला तर परत घाला. वाईट असला तर मी कळवीन. या वेळी उशीर करणार नाही असं लिहावंसं वाटतं, पण माझा मलाच भरवसा नाही.

हर्तोयो'

'स्पर्धेतून बाद होण्याइतकं' यावर मी अडलो. ते गुनादीने मला खाजगीत सांगितलं होतं. मग आठवलं, पक्षी वीस माणसांसमोर ओरडला होता. मी ते तसंच राहू दिलं.

टपाल कचेरीत खिडकीवर एक तरुण बाई होती. तिने पाकीट तराजूवर ठेवलं.

"बातू? साधं की जलद?"

"सोमवारच्या आत पोचायला हवं."

"जलद केलं तर उद्या पोचेल, पाक. आत काय आहे? कागदपत्रं?"

"उत्तर आहे," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं हे उगाच बोललो.

तिने शिक्का मारला. पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. मी खिडकीशीच उभा राहिलो. पहिल्या शब्दानंतर पूर्णविराम दिला होता की स्वल्पविराम, ते मला आठवेना. स्वल्पविराम असेल तर 'नाही' नरम पडलं असतं.

"एक मिनिट परत बघायला मिळेल का? एकच खूण बघायची होती."

"ते आता आमचं झालं, पाक," ती म्हणाली, आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.